रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे व त्यांचा दीनबंधु

रविवारीं सकाळीं चर्चची घंटा होते, घराघरांतून माणसें स्वच्छ वस्त्रें नेसून मिस्सेस निघतात, दुपारीं सारें कुटुंब एके ठिकाणीं जेवावयास बसतें, ह्यांत आपणांस कांहींच नवल वाटत नाहीं. देवानें सहा दिवसांत सृष्टि निर्माण करून सातव्या दिवशीं विश्रांति घेतली, हें आपण बाळपणींच शिकलेलों असतों. परंतु मुंबईच्या गिरण्यांतून राबणाऱ्या मनुष्यास हा एक दिवस मोकळा मिळावा म्हणून सहा वर्षें झगडावें लागलें, आणि त्या झगड्याचा पुढारी ख्रिस्ती नव्हता, धनिक नव्हता, वकीलही नव्हता. तो एका लहानशा साप्ताहिकाचा संपादक होता, ही गोष्ट आपल्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्या गृहस्थाचें नांव नारायण मेघाजी लोखंडे, व त्याच्या पत्राचें नांव दीनबंधु.

नारायणरावांचा जन्म इ. स. १८४८ मध्यें ठाण्यास झाला. घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांतल्या कन्हेरसर गांवचें, जातीनें फुलमाळी, व स्थितीनें गरीब. शिक्षण मॅट्रिकच्या इयत्तेपर्यंत झालें. पुढें शिकण्याची ऐपत नव्हती. प्रथम रेल्वेंत, नंतर टपालखात्यांत अशी कांहीं वर्षें नोकरी करून शेवटीं ते मांडवीच्या एका कापडगिरणींत स्टोअरकीपर झाले. ही जागा मोठ्या मानाची नव्हे. पण मनुष्य डोळस असला तर त्या जागेवरून गिरणीचीं दोन्ही अंगें दिसतात. मालकाच्या कचेरींत काय बोललें जातें तें कानीं येतें, आणि साच्यावरचा मनुष्य संध्याकाळीं कोणत्या अवस्थेंत बाहेर पडतो हेंही दृष्टीस पडतें. लोखंडे ह्यांस जें पुढें लिहावयाचें होतें त्याची शाळा हीच.

आतां त्या गिरण्याही गेल्या. १९८२ सालच्या संपानंतर एकामागून एक भोंगे थांबले व त्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. तेव्हां नव्या पिढीसाठीं त्या काळचें चित्र थोडें रेखाटणें अवश्य आहे. मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी दावर ह्यांनीं १८५४ सालीं केली. पुढील तीस वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ ह्या भागांचें रूप धुराड्यांनीं पालटून टाकलें, व कोंकणांतून आणि घाटावरून हजारों माणसें पोटासाठीं शहरांत येऊन राहिलीं. गिरण्यांत दिव्यांची सोय नव्हती. त्यामुळें सूर्य हेंच घड्याळ. उजाडलें कीं यंत्र सुरू व्हावयाचें आणि अंधारलें कीं थांबावयाचें. हिवाळ्याचे दिवस लहान म्हणून शरीरास तेवढाच आराम. उन्हाळ्यांत तेरा-तेरा, चौदा-चौदा तास उभ्यानें काम. महिना संपला तरी त्याचा पगार हातीं पडण्यास पुढचे कित्येक दिवस जात, आणि तोंपर्यंत वाण्याचें व्याज चढत असे. यंत्राच्या पट्ट्यांत हात सांपडून मनुष्य निकामी झाला, तर त्याचें नशीब त्याच्यापाशीं. १८८१ सालीं कारखान्यांचा पहिला कायदा झाला खरा. परंतु त्यानें सात वर्षांच्या आंतील मुलांस कामावर घेण्याची मनाई केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे तास नऊवर आणले, एवढेंच. वयांत आलेल्या पुरुषांविषयीं व स्त्रियांविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें.

दीनबंधु हें पत्र लोखंडे ह्यांनीं काढलेलें नव्हे. पुण्याजवळच्या भांबुर्डें गांवचे कृष्णराव पांडुरंग भालेकर ह्यांनीं तें १८७७ च्या जानेवारी महिन्यांत पुण्यास सुरू केलें. ज्योतिराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे हे भालेकर एक कळकळीचे सभासद. शेतकरी, कारागीर, मजूर ह्यांचें गाऱ्हाणें इतर पत्रांत येत नाहीं, आलें तर परक्या मनुष्याच्या तोंडून येतें, हें पाहून त्यांनीं पदरचा पैसा घातला. वेळ मात्र अत्यंत कठीण होती. दक्षिणेंत दुष्काळ पडलेला. ज्यांच्यासाठीं पत्र काढावयाचें तेच अन्नास मोताद. पुढच्याच वर्षीं सरकारनें देशी भाषांतील पत्रांस जाचक असा कायदा केला. अशा स्थितींत तीन वर्षें कशींबशीं रेटून भालेकरांचे हात टेकले. १८८० सालीं लोखंडे ह्यांनीं तें बुडतें पत्र आपल्या शिरावर घेतलें व मुंबईंतून काढावयास आरंभ केला. ज्या पत्रानें आधींच एका मनुष्याचें नुकसान केलें तेंच दुसऱ्यानें डोळे उघडे ठेवून घ्यावें, ह्यास व्यवहारांत शहाणपण म्हणत नाहींत. पुढें त्यांनीं गिरणींतील नोकरीही सोडली.

त्या पत्राचें स्वरूप समजून घेतल्याविना त्याचा प्रभाव समजणार नाहीं. त्या काळीं मुंबईंत व पुण्यांत वर्तमानपत्रांची वाण नव्हती. परंतु त्यांचे लेखक, वाचक व वर्गणीदार बहुतेक एकाच थरांतले, शिकलेले व उच्चवर्णीय होते. दीनबंधूचा वाचकवर्ग अगदीं निराळा. किंबहुना त्याचे पुष्कळसे वाचक वाचणारे नव्हतेच, ते ऐकणारे होते. अक्षरओळख असणाऱ्या एकानें वाचावें व भोंवतीं बसलेल्या दहांनीं ऐकावें, अशीच त्या वर्गांत वाचनाची रीत. पत्रांत खेड्यांतून आलेलीं पत्रें असत. सावकाराच्या, कुळकर्ण्याच्या व जंगलखात्याच्या जुलमाचीं गाऱ्हाणीं असत. भटजीवांचून लागलेल्या सत्यशोधक लग्नांच्या हकीकती असत. शाळांची मागणी असे. एका गांवच्या माळ्यास दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कुणब्याची हालहवाल त्यांतून कळे, आणि आपलें दुःख आपल्या एकट्याचें नाहीं हें त्यास उमजे. आमच्या मतें त्या पत्राचें पहिलें कार्य हेंच, आणि तें गिरण्यांच्या चळवळीहूनही कदाचित् मोठें.

दुसरें एक कार्य पडद्याआड चाले. देशी भाषांतील पत्रांत काय येतें ह्याचा इंग्रजी सारांश सरकारचा भाषांतरकार दर आठवड्यास तयार करी व तो छापून अधिकाऱ्यांकडे जाई. सरकारनें ही व्यवस्था पाळत ठेवण्यासाठीं केली होती. परंतु त्याच वाटेनें परळच्या एखाद्या मजुराची तक्रार, अर्ज न लिहितां व वकील न करितां, सचिवालयाच्या टेबलावर जाऊन पडे. पाळतीसाठीं पाडलेल्या झरोक्यांतून गरिबाचा आवाज आंत शिरला, ही त्या काळची मोठी गंमत होय.

पत्राचा धनी स्वभावानें कसा होता, हें दोन प्रसंगांवरून दिसतें. पहिला प्रसंग १८८२ सालचा. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरील लेखांबद्दल टिळक व आगरकर ह्यांच्यावर बेअब्रूचा खटला झाला. त्यांच्या मंडळींतील विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं फुले ह्यांच्यावर अत्यंत कडवट टीका केलेली होती. सत्यशोधकांचें व त्यांचें उघड वैर होतें. तरीसुद्धां ह्या दोघां तरुण संपादकांसाठीं दहा हजार रुपयांचा जामीन राहिले ते फुले ह्यांच्या परिवारांतील रामशेट उरवणे, आणि एकशें एक दिवसांची शिक्षा भोगून ते डोंगरीच्या तुरुंगांतून सुटले तेव्हां त्यांचा सत्कार करण्यास लोखंडे पुढें झाले. मतभेद कागदावर चालवावा, पण संपादक लेखणीपायीं तुरुंगांत गेला तर त्यास एकटा सोडूं नये, असें त्यांचें धोरण दिसतें.

दुसरा प्रसंग त्यांच्या बाजूनें इतका शोभणारा नाहीं. १८८३ सालीं ज्योतिरावांनीं शेतकऱ्याचा असूड हा आपला ग्रंथ लिहिला. त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें दीनबंधूंत छापून आलीं. पुढचीं छापण्यास लोखंडे कचरले. भाषा फार तिखट आहे, पत्रावर संकट येईल, असें त्यांस वाटलें असावें. ज्योतिराव संतापले, व आपल्याच माणसांचा हा भित्रेपणा त्यांनीं लेखी नमूद करून ठेवला. संपादकाच्या अडचणी आम्ही जाणतों. ज्याचें पत्र दर आठवड्यास पैशापायीं अडतें त्यास खटला परवडत नाहीं. तथापि ज्या पत्राचा जन्मच शेतकऱ्याचें दुःख सांगण्यासाठीं झाला त्यानें तें पुस्तक अर्ध्यावर सोडावें, हें योग्य झालें असें आमच्यानें म्हणवत नाहीं. गुरुशिष्यांमधील ही अढी पुढें कमी झाली, व मुंबईच्या मजुरांच्या कामांत ज्योतिराव लोखंडे ह्यांच्या पाठीशीं राहिले.

आतां मुख्य गोष्ट. १८८४ सालीं मुंबई सरकारनें गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक मंडळ नेमलें. मालक आपली बाजू मांडणार हें उघड होतें. मजुराची बाजू कोण मांडणार? लोखंडे ह्यांनीं २३ सप्टेंबर १८८४ रोजीं परळास गिरणीकामगारांची जाहीर सभा बोलाविली व तीनच दिवसांनीं दुसरी भरविली. तेथें ठरलेल्या अर्जावर साडेपांच हजार मजुरांनीं सह्या व अंगठे केले. मागण्या पाहिल्या म्हणजे त्यांचा साधेपणा मनास लागतो. सर्वांस दर रविवारीं पुरी सुटी असावी. दुपारीं अर्धा तास जेवणाची रजा मिळावी. काम सकाळीं साडेसहापूर्वीं सुरू होऊं नये व सूर्यास्तास थांबावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातीं पडावा. आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरें होईतोंपर्यंत पगार व कायमचें पंगुत्व आल्यास पोटापुरती तरतूद असावी. ह्यांत कोठें राज्य मागितलेलें नाहीं, गिरणी मागितलेली नाहीं; अर्धा तास भाकर खावयास मागितला आहे. गिरणीकामगारांच्या ज्या संघाची स्थापना आपल्या देशांतील मजूरसंघटनेचा आरंभ म्हणून मानली जाते तो मुंबईचा संघ ह्याच वेळीं जन्मास आला.

ह्या मागण्यांस विरोध केवळ मालकांचाच झाला असें समजूं नये. पुण्यामुंबईचीं बहुतेक देशी पत्रें, केसरीसुद्धां, कारखान्यांच्या कायद्याविरुद्ध होतीं. त्यांचें म्हणणें निखालस खोटें नव्हतें. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईचें सूत व कापड स्पर्धेंत नको होतें, आणि येथील मजुरांचे तास कमी व्हावे म्हणून ते विलायतेंत खटपट करीत होते. तो त्यांचा कळवळा धंद्याचा होता. तेव्हां स्वदेशी धंद्याच्या गळ्यास नख लावणारा कायदा नको, असें देशभक्त म्हणत. दीनबंधूनें निराळा प्रश्न विचारला: धंदा स्वदेशी म्हणून जगावा हें ठीक, परंतु तो ज्यांच्या श्रमांवर जगतो तीं माणसेंही स्वदेशींचींच आहेत कीं नाहींत? सर्व थोर पत्रें एका बाजूस व आपण एकटे दुसऱ्या बाजूस, अशा स्थितींत देशद्रोहाचा बोल सोसून उभें राहणें सोपें नव्हे.

रविवारच कां, असेंही विचारलें जाई. मालकांचें म्हणणें असें कीं, ह्या देशांत सणवार थोडे नाहींत. त्या त्या दिवशीं सुट्या मिळतातच. परंतु सण सर्व जातिधर्मांचे एके दिवशीं येत नाहींत, आणि ठरलेल्या दिवसाची खात्री ही वेगळीच वस्तु आहे. घाटावरच्या मजुरास रविवार हा खंडोबाचा वार. आपणांस तो प्रभूचा दिवस. सरकारी कचेऱ्यांस तो बंदचा दिवस. इतक्या निरनिराळ्या वाटांनीं येऊन माणसें एका वारावर मिळालीं, ह्याचें आम्हांस तरी कौतुक वाटतें.

अर्ज झाला, मंडळाचा अहवाल झाला, आणि कांहींच झालें नाहीं. लोखंडे लिहीत राहिले. १८८९ सालीं पुन्हां अर्ज गेला. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ज्या काळीं सुखवस्तु घरांतील शिकलेल्या स्त्रियाही सभेंत क्वचितच उभ्या राहत, त्या काळीं सूत काढणाऱ्या दोघी बाया दहा हजारांसमोर आपलें म्हणणें मांडतात, हें दृश्य कोणा चित्रकारानें कां रंगविलें नाहीं कोण जाणे. नंतर सात आठवड्यांच्या आंतच, १० जून १८९० रोजीं, मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या कारखाना-मंडळावर मुंबईपुरते सहकारी सभासद म्हणून लोखंडे ह्यांस घेतलें गेलें, आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची रजा कायद्यांत आली. स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा मिळाली, नऊ वर्षांच्या आंतील मुलांस गिरणीची दारें बंद झालीं, व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातवर आले. पुरुषांच्या तासांस मर्यादा मिळण्यास मात्र १९११ साल उजाडावें लागलें.

येथें एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मजुरांच्या स्थितीविषयींचें तेरावे लिओ पोपमहाशय ह्यांचें रेरुम नोवारुम हें सुप्रसिद्ध परिपत्रक १५ मे १८९१ रोजीं निघालें, व त्यांतही रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे. महालक्ष्मीच्या सभेचें वर्तमान रोमेस पोंचलें होतें असा दावा कोणी करणार नाहीं. लोखंडे ह्यांसही रोमेंत काय लिहिलें जात आहे ह्याची वार्ता नव्हती. दोन अगदीं परस्परांस अपरिचित ठिकाणीं एकाच वेळीं एकच गोष्ट मनुष्यांच्या ध्यानीं येत होती, एवढेंच.

कामगार संघाविषयीं एक मौज अशी कीं, १८९२ च्या सरकारी अहवालांत त्याबद्दल जवळजवळ तुच्छतेनें लिहिलें आहे. ह्या संघास सभासदांची यादी नाहीं, फंड नाहीं, नियम नाहींत. जो मजूर येईल त्यास लोखंडे फुकट सल्ला देतात एवढेंच, असा त्याचा आशय. गोष्ट खरी होती, व तिच्यांत संघाचा दुबळेपणाही होता. लोखंडे ह्यांच्यामागें तो संघ टिकला नाहीं. परंतु अहवाल लिहिणाऱ्या साहेबाच्या ध्यानीं आलें नाहीं कीं, ज्या कार्यासाठीं इतरांस संस्था लागली असती तें येथें एक वर्तमानपत्र व एक मनुष्य मिळून करीत होते.

पत्राची दृष्टि गिरण्यांपुरती नव्हती. विधवांचें केशवपन करण्याचें काम आपण करणार नाहीं, असा निश्चय मुंबईच्या न्हाव्यांनीं १८९० सालीं सभा भरवून केला, त्यामागें लोखंडे ह्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. गिरणगांवही त्यांतून सुटला नाहीं. त्या वेळीं मजुरांची मनें पुन्हां जुळावीं म्हणून राणीच्या बागेंत मोठी सभा भरविण्यांत ते अग्रभागीं होते. सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली व जस्टिस ऑफ द पीस नेमलें. ह्या मानाबद्दल कित्येकांनीं नाकें मुरडलीं. त्यांनीं मान घेतला, पण मजुरांचें काम सोडलें नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवी भागांत प्लेगचा पहिला रोगी आढळला. तो रोग ओळखणारे वैद्य आपल्यांतीलच होते; गोंव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांचें नांव आपणां सर्वांस परिचित आहे. त्या साथीची आठवण आपल्या घराण्यांतून अजून सांगितली जाते, आणि मुंबईंतील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत त्या वेळीं उभारलेले क्रूस आजही दिसतात. माणसें शहर सोडून पळूं लागलीं. रस्ते ओस पडले. गिरण्यांस मजूर मिळेना. लोखंडे ह्यांस गांवीं जावयास कोणी अडविलें नसतें. ते राहिले, रोग्यांसाठीं रुग्णालय उभारण्याच्या खटपटीस लागले, व रोग्यांमध्येंच वावरतांना त्यांस प्लेगनें गांठलें. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वय अवघें एकोणपन्नासाच्या आंतबाहेर. त्यानंतर महिन्याभरानें पुण्यास ज्योतिरावांच्या पत्नी सावित्रीबाई ह्याही प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना त्याच रोगानें गेल्या.

पत्राचें पुढें काय झालें? तें वासुदेवराव बिर्जे ह्यांनीं चालविलें. तेही निवर्तले, तेव्हां त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे ह्यांनीं संपादकाची खुर्ची घेतली व १९१२ सालापर्यंत दीनबंधु दर आठवड्यास निघत राहील असें केलें. मराठींत वर्तमानपत्राचें संपादन करणाऱ्या स्त्रिया त्या काळीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. लोखंडे ह्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट भारत सरकारनें ३ मे २००५ रोजीं काढलें. ज्या टपालखात्यांत त्यांनीं तरुणपणीं कारकुनी केली त्याच खात्यानें तें छापलें.